मानशीचं दार

तिचं नाव कुंझांग. जुव्यात ते कुणालाच नीट जमलं नाही.
रोझालिना कुंजा म्हणायची, मग मीही.
भूतानहून आलेली, शेतीशास्त्राची पदवी घेऊन पुढचं शिकायला,
आणि तिला मिळालं आमचं खाजन,
मीठ मोजायचं एक यंत्र,
आणि मी, रोजंदारीवर, छत्री धरायला.

यंत्र दुसऱ्याच आठवड्यात चिखलात गेलं.
मग मी बापाचं मोजमाप शिकवलं:
पाणी बोटावर, बोट जिभेला, थू.
कोरगुटाला चालेल. कोरगुटालाही नाही चालणार.
आमच्याकडे दोनच आकडे.
डोंगरातली मुलगी, समुद्र तिनं आधी जिभेनं पाहिला.

मानस तिला फार आवडायची.
बांधातलं लाकडी दार, त्याला माणूस लागत नाही.
भरतीला नदीच ते लोटून लावते,
ओहोटीला शेतातलं पाणी आतून उघडतं.
"एवढं साधं, गुणो?"
"साधंच. फक्त रात्री कुणी पाचर मारू नये."

मारत होते. मानशीचा लिलाव ज्यानं घेतलेला
त्याला भात नको होतं, सुंगटं हवी होती.
कुंजानं तेही लिहिलं, अवसेच्या तारखांसकट, चौसष्ट पानं.
पणजीला मी स्वतः नेऊन दिलं, पोच घेतली.
ती पोच अजून आहे माझ्याकडे.

पुढचं पत्रांतून, तुटक तुटक.
कृषी अधिकारी झाली, पूर्वेला, ल्हुंत्सेकडे,
मक्याचं बियाणं खेचरावर लादून चढायची.
रानडुकरं. प्रत्येक पत्रात रानडुकरं.
लोक रात्रभर मचाणावर डबे बडवतात, लिहायची,
आणि माझं शास्त्र त्या डब्याइतकंही वाजत नाही.
म्हणून निवडणुकीला उभी राहिली.
वचन एकच, तारेचं कुंपण.
तीनशे अकरा मतांनी आली. दुसऱ्या खेपेला मंत्री.
मग पत्रं थांबली.
मंत्र्याला सवड कुठली, मी म्हटलं.
रोझालिना काही बोलली नाही, भेंड्या निवडत राहिली.

गेल्या मे महिन्यात पुलापाशी बसमधून उतरली,
कापडी बूट, गुडघा धरत. पडली होती.
"आपटलीस?"
"निवडणुकीत," म्हणाली, आणि हसली, एकटीच.

बांधावर नेलं. नऊ वर्षं पडीक, तिवरं छातीला लागतात.
वाकली, बोट, जीभ, थू.
"कोरगुटालाही नाही."
मी म्हटलं, तुझी चौसष्ट पानं कुणी उघडली नाहीत गो.

खूप वेळ ती खेकड्यांची बिळं बघत होती.
मग सांगितलं: माझ्या टेबलावरही आली होती, तीस पानं.
बावीस वर्षांची पोर, माझ्याच खात्यातली.
कुंपणानं डुकरं मरत नाहीत, बाजूच्या गावात जातात,
तिथं तारेला पैसे नाहीत, असं काहीतरी.
पहिलं पान वाचलं. वर रस्त्याची फाइल ठेवली.
रस्ता चांगला झाला, गुणो.
"आणि ती पोर?"
"नाव आठवतं. हरल्यावर आठवलं,
आधी आठवलं असं खोटं कशाला सांगू?"

दारात पाचर होतीच, फुगून घट्ट बसलेली.
दोघांनी मिळून ओढली, दोन म्हातारी,
सुटली तेव्हा मी चिखलात बसलो.
"काय उपयोग," म्हटलं, "रात्री परत मारेल."
तिनं ती पाण्यात धुतली, पदराला, म्हणजे त्यांच्या त्या
अंगरख्याला पुसली, आणि पिशवीत टाकली.
"विमानतळावर विचारलं तर?"
"लाकूड आहे म्हणेन."

नवी पाचर तासायला त्याला सकाळ लागली.
तेवढी एक रात्र
दार नदीनं लावलं.