तहान

सोहारला आल्यापासून तहानेला मी आजार म्हटलंच नाही.
सत्तेचाळीस डिग्रीत, क्रेनच्या केबिनमध्ये
कोण पाणी पीत नाही?
रात्री चारदा उठायचो, तर वाटायचं
आत गेलं ते बाहेर येणारच.
इद्रीस वरच्या बंकवरून ओरडायचा,
'तुळाजीभाई, दरवाजा!'

ब्रशला रक्त दिसलं तेव्हा ब्रश बदलला.
मग पेस्ट.
मग वेंगुर्ल्याहून कुणाबरोबर तरी आलेली
लवंग, तुरटी, मीठ.
मग बदलायला काही उरलं नाही
आणि खालचा एक दात
ढिल्या बोल्टसारखा जिभेला लागू लागला.

डॉक्टर सुबैदा. हिंदी तुटकी, हात हलका.
बारीक सळईने हिरडीची खोली मोजत
नर्सला आकडे सांगत गेल्या, पाच, सहा, सात,
बोअरवेल मारताना सांगतात तसे.
मग मास्क खाली करून विचारलं,
'पायाला मुंग्या येतात?'
मी दातासाठी आलो होतो.
'रात्री किती वेळा उठता?'
म्हटलं, बाई, दातासाठी आलोय.
त्यांनी बोट टोचलं.
तीनशे बारा.

त्यांनी समजावलं ते मला कळलं ते असं:
एक खोली, एक बंक.
वर साखर झोपते, खाली हिरडी.
वरची कुशीवर वळली की खालचीची झोप मोडते,
खालची कण्हली की वरची उठून बसते.
एकीलाच औषध देऊन खोली शांत होत नाही.

व्हिसासाठी छातीचा फोटो काढला होता. फिट.
'तोंड उघड' कुणी म्हणालं नाही.
तोंड उघडलं होतं ते एजंटापुढे,
दाताच्या कण्या केल्या तेव्हा.

गेल्या शुक्रवारी लेकीचा साखरपुडा मोबाइलवर पाहिला.
प्रमिलाने पेढा पार कॅमेऱ्याला टेकवला, 'आ करा!'
मी ओठ मिटून हसलो.
तिकडे मांडवात कुणीतरी म्हणालं,
बाबा रडतायत.

कॅफेटेरियातला अश्रफ म्हणतो,
करक बिनसाखरेचा होत नाही, दूधच गोड असतं.
आता काळा चहा पितो. कडू लागतो. लागू दे.

काल रात्री मी दोनदाच उठलो.
इद्रीस तीनदा.
सकाळी तो ड्युटीवर गेल्यावर
बेसिनवरचा त्याचा ब्रश
मी उजेडात धरून पाहिला.