कानामागे

तिन्हीसांजेला बोंडू काजूच्या बागेतून येतो,
शेपटीत लाजाळूचा काटा, पोटाला कुसळं.
मी त्याला मांडीवर घेते
आणि बोटं उलटी फिरवते, केसांच्या विरुद्ध.

वीस वर्षं फॅक्टरीत काजूची साल काढतेय मी.
अख्खा गर निघाला तर पैसे,
तुकडा पडला तर कमी.
माझ्या बोटांना अंधारातही कळतं
साल कुठे संपते, गर कुठे सुरू होतो.
म्हणून डाव्या कानामागे, जिथे लव पातळ होते,
एरंडाच्या बीएवढं काही लागलं
की मी श्वास धरते.

कानामागून आली नि तिखट झाली, म्हणतात.
ही कुठे जात नाही.
कानामागेच राहते, फुगत.

गोचीड उडत नाही. उडी मारत नाही.
गवताच्या टोकावर चढून पुढचे पाय वर करते,
मोचेमाडच्या फाट्यावर आम्ही एस्टीला हात करतो तशी,
आणि जे ऊबदार येईल त्यात बसते:
पास्कूची म्हैस, रानडुक्कर, माझा बोंडू.
तिकीट नाही.

बोंडूच्या आधी खवली होती.
एका रविवारी तिच्या अंगावर सतरा निघाल्या.
पास्कूकडे कुत्र्याचं औषध होतं,
मानेवर ओतायची नळी.
मी अर्धीच ओतली. मांजर लहान, म्हणून अर्धी.
हिशेब बरोबर वाटला.

रात्री ती चुलीपाशी थरथरत होती.
पहाटे रिक्षा मिळाली.
वेंगुर्ल्यात उतरले तेव्हा पदरातलं वजन तेवढंच होतं,
थरथर तेवढी नव्हती.

डॉक्टर मठकर रागावले असते तर बरं झालं असतं.
त्यांनी टेबल पुसलं.
मग म्हणाले, 'कुत्र्याचा औषध मांजराक विष, वहिनी.
थेंबभर पण नाय.'

आता बारीक टोकाचा चिमटा आहे.
रॉकेल नाही, खोबरेल नाही,
सासूबाई द्यायच्या तो उदबत्तीचा चटका नाही.
कातडीला लागून धरायची, सरळ वर ओढायची,
पिळायची नाही, घाई नाही.
तोंड आत राहिलं तर तो तुकडा.
तुकड्याचे पैसे कमी, हे मला कुणी सांगायला नको.

पगाराच्या दिवशी मांजराचंच औषध.
त्याआधी काजूच्या काट्यावर वजन:
तीन किलो आठशे, आणि काट्यावरची सुलभा हसते,
'ह्यो माल कुठल्या ग्रेडचो गे?'

परड्यातलं गवत घोट्याखाली ठेवते.
पाचोळा ओढून कुंपणापार टाकते.
पण बागेला कुंपण घालून त्याला थोडंच अडवता येतं?
एकदा दार लावून पाहिलं.
रात्रभर कौलं खाली येतील असा ओरडला.

वाटीतल्या साबणाच्या पाण्यात
आजची एक, पाय हलवत, बुडते.
बोंडू उठतो, अंग झटकतो,
आणि आलेल्या वाटेनेच परत जातो.

मी दिवा जवळ ओढते.
काल मीही बागेत बोंडं वेचत होते.
माझ्या कानामागे बघायला घरात कोण आहे?
बोटं वर नेते, सावकाश.
उलटी.