डोकावणं

माझं काम पावती फाडायचं.
बाकीचं मी आपणहून मागे लावून घेतलं.

शालिमारच्या मागची गल्ली, सात ते दहा,
एकोणतीस गाड्या, नाल्यालगत आणखी दोन तिरक्या.
प्रत्येक काचेला कपाळ टेकवतो,
तळहात डोळ्यांच्या कडेला धरतो
आणि आत बघतो.
चोरही असंच बघतो. दुसरी पद्धत नाही.

दिसतं ते कुणाला सांगत नाही.
एक्स-रेचा पिवळा लिफाफा.
येवल्याच्या दुकानाचा पैठणीचा खोका.
बाळाचा एकच मोजा.
सीटखाली ढकललेली लॅपटॉपची बॅग,
पट्टा मात्र बाहेर, उंदराच्या शेपटीसारखा.

मग पावतीच्या पाठीवर लिहितो:
पट्टा दिसतोय. डिकीत ठेवा.
तेही घरूनच ठेवून या, इथे येऊन डिकी उघडू नका.
टपरीवर बसलेले मोजत असतात.
वायपरखाली अडकवतो.
निम्मे लोक न वाचताच चुरगाळतात,
त्यांना वाटतं जाहिरात.

गेल्या मंगळवारी पांढऱ्या गाडीला कपाळ लावलं
तर मागून कॉलर.
"काय बघतोस रे आत?"
दोन मिनिटांत वीस माणसं, दहा मोबाईल.
मी म्हटलं, गांगुर्डे, पार्किंगचा, चौदा वर्षं झाली.
शिट्टी दाखवली. पुस्तक दाखवलं.
एक म्हणाला, पावतीपुस्तक काय, कुणीही छापतं.
तेही खरंच.
गजरेवाली कौतिकाबाई लांबून ओरडली,
"सोडा त्याला! येडा हाय, पण चोर न्हाई."
येडा या शब्दावर सुटलो.

गर्दी माझ्याभोवती होती तेवढ्यात
कोपऱ्यावरच्या निळ्या गाडीची मागची छोटी काच
कपबशी पडावी एवढ्याच आवाजात फुटली.
आजोबा आले, काचा बघत उभे राहिले.
"बॅगेत कानाचं मशीन होतं," म्हणाले,
मी काय बोललो ते त्यांना ऐकू गेलं नाही.
माझी चिठ्ठी वायपरखाली तशीच,
घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

आता लिहीत नाही. गाडी लावतानाच विचारतो,
आत काय ठेवलंत?
लोकांना राग येतो. येऊ दे.

तरी दहानंतर एक फेरी मारतोच.
पौषातली थंडी, काचेवर माझ्या श्वासाचा गोल उमटतो,
बाहीनं पुसायचं राहून जातं.
सकाळपर्यंत त्यावर धूळ धरते.
नंतर कुणी डोळे लावायला आलंच तर
त्याच्या आधी कुणीतरी
इथे कपाळ टेकवून गेलंय.