हातचा

शहात्तर साली जन्मली ती, परक्या मुलखातल्या वाळूतून.
८०८५. चाळीस पायांची, गोमेसारखी काळी.
थोरलीला तीन तऱ्हेची वीज लागायची,
हिचं एका पाच व्होल्टवर भागायचं.
चुलत भावंडं पुढे टेबलावर बसली,
त्यांना पडदा मिळाला, पीसी म्हणून मिरवली.
ही दोंडाईच्याला आली,
मिरचीच्या काट्यात.

धुळ्याच्या पॉलिटेक्निकात गिरासे सर खेकसायचे,
"शहात्तर नाही गं, सात-सहा म्हण!"
सात-सहा म्हणजे थांब.
मी तेवढं नीट पाठ केलं होतं.
बाकी तीन पानं, जमाखर्चाच्या वहीत,
पेन्सिलीनं, खोडून खोडून.

पहिल्या दिवशी हिलाल आप्पांची सात पोती.
एकेक चढत गेलं, लाल आकडे बरोबर वाढत गेले,
सातवं ठेवलं
आणि सगळी मिळून भरली तीन किलो.
बाजार हसला. अडत्या जरा जास्तच हसला.
"हाई मशीन काटा मारस."
आप्पा हसले नाहीत.
बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत राहिले बराच वेळ,
मग मलाच विचारलं,
"हातचा कोठे गया, माय?"

दोनशे पंचावन्नला तिची ओंजळ भरते.
वर एक दाणा पडला की सगळं सांडते,
पण कोपऱ्यात एक उभा करून ठेवते, इमानानं.
मी तो घेतलाच नव्हता.
८० च्या जागी ८८. एवढंच.

मेमरी पुसायचा दिवा धुळ्याला, तोही बिघडलेला.
मग तिच्या काचेवरची काळी पट्टी सोलली
आणि तिला धाब्यावर मिरच्यांत वाळत घातली.
उन्हात ती विसरते.
आठ दिवस शिंकत वर जात होते,
दिवेलागणीला तिला पदरात घेऊन उतरत होते,
आई म्हणायची, पापड बरे यापेक्षा.

नवव्या दिवशी तीच सात पोती. आप्पांनी विकली नव्हती.
पण मिरचीही वाळली होती की.
दोनशे एकावन्न.
हातच्याची गरजच पडली नाही.
सगळे माझ्याकडे बघत होते. मी आकड्याकडे.

आप्पांनी वहाणा काढल्या,
पोत्यांवर चढून मांडी घातली.
"आते दख."

तीनशे पाच.

"उतरा आता," अडत्या म्हणाला.
आप्पा काही उतरेनात.