साप जमिनीला टेकवायचा नाही

सुर्लाच्या बंद वजनकाट्यामागे, पहाटे साडेपाच.
सर्वेशच्या बाबांच्या ट्रकची ताडपत्री
आम्ही गुंडाळतो, काथ्याने सात ठिकाणी आवळतो.
ट्रक विकला गेला, ताडपत्री राहिली.
घड्यांत अजून खनिजाची भुकटी,
खांद्यावर घेतली की मान तांबडी होते.
ह्याला म्हणायचं साप.

सुभेदार गावस नियम सांगतात,
रोज, जणू आज पहिल्यांदाच:
साप जमिनीला टेकवायचा नाही.
अडथळ्यावर किमान तिघांचे हात सापावर.
तांबडं रंगवलेलं जे जे, त्याला शिवायचं नाही.

एडविन हळूच विचारतो,
सर, मग उभं कुठं राहायचं?
आणि आम्ही बघतो.
वाट तांबडी, चिरे तांबडे,
काट्याची खिडकी, झोपलेलं कुत्रं, आमचे बूट.
सुभेदार हसत नाहीत. चुना आणायला पाठवतात.
तेव्हापासून आमच्याकडे निषिद्ध ते पांढरं.

चिऱ्यांची भिंत, आडवा टाकलेला माड,
साखळीला टांगलेला डंपरचा टायर,
आणि एक चर, ज्यात बेडकांचं कायमचं बिऱ्हाड.

घोषणेवरून दोन दिवस वाद.
याचा देव, त्याचा संत, दर्शनीला दोन्ही नकोत.
मग सर्वेशला आठवलं, ट्रक मागे घेताना
क्लीनर पत्र्यावर थापा मारत ओरडायचा:
येंव दी! येंव दी!
आता आम्ही सहाजण तेच ओरडतो
आणि मागे नाही, पुढे धावतो.

एकदा धुक्यात काजूच्या बागेकडे निघालेली बाई
आम्हाला बघून थबकली.
खांद्यावर लांबलचक गुंडाळलेलं, दोन्ही बाजूंना तरणी पोरं.
तिने पाटी खाली ठेवली, हात जोडले.
कोण गेलो रे?
कोणूच ना गे मावशे, दर्शनी धापा टाकत म्हणाली,
आमी वतात.
बाईने तरीही हात सोडले नाहीत.

मी दोनदा परत आलोय.
दुसऱ्यांदा का, ते खरंच कळलं नाही.
पहिल्यांदाचं कळलंय.
भोपाळला भिंतीवर सगळ्यात आधी मी चढलो
आणि वरून ओरडत राहिलो, चला, चला.
हात खाली द्यायचा राहूनच गेला.
हे इथं कुणाला सांगितलेलं नाही.
फक्त भिंत आली की मी पोटावर आडवा होतो,
चिऱ्याची धार बरगडीत घेतो,
आणि एडविनचं मनगट येईपर्यंत
बोटं उघडी ठेवतो.
तो जड आहे. रोज येतोच असं नाही.

पत्रं आली. एक प्रयागराज, एक कपूरथळा,
दर्शनीला वाराणसी, मला पुन्हा भोपाळ.
सगळ्यांना साप मिळेल तिथं,
दुसऱ्या कुणाच्या खांद्यांबरोबर.
एडविनचं पत्र अजून नाही. तो म्हणतो, पोस्टमन रजेवर आहे.

रविवारी शेवटची फेरी.
सर्वेशच्या आईला लाकडांवर घालायला ताडपत्री हवी होती.
सहा गाठी सुटल्या. सातवी घामाने बसलेली.
कोयती आणू? एडविनने विचारलं.
कापू नको, म्हणाले सुभेदार,
चष्मा कपाळावर सारला
आणि नखांनी एकेक पीळ उकलत राहिले.
ऊन काट्याच्या छपरावर आलं.
ताडपत्री आमच्या खांद्यांवरच होती.
खाली ठेवा, असं
कुणीच म्हटलं नाही.