बारा नंबरच्या सेलचा पंचनामा

मुंबईच्या हवेत मिठालाही पाणी सुटतं,
आई बरणीत तांदळाचे चार दाणे टाकायची.
पवईच्या आमच्या लॅबमध्ये
तांदळाऐवजी आर्गॉन आहे,
काचेची पेटी, आणि पेटीच्या भिंतीतून आत गेलेले
खांद्यापर्यंतचे काळे रबरी हात.
त्यांत हात घातले की माझी बोटं
दुसऱ्याच कुणा जाड बाईची होतात.

आज बारा नंबर.
सरफराज मुकादम, राहणार असल्फा,
यांच्या स्कूटरमधला.
दोन वर्षं तीन महिने. हजारावर चार्ज.
उरलेली क्षमता एकसष्ट टक्के.
ऐंशीच्या खाली गेला की आम्ही त्याला मेलेला म्हणतो.
माझ्या मामांना कंपनीने अठ्ठावन्नाव्या वर्षी
तसंच काहीसं म्हटलं होतं, शाल देऊन.

झाकण कापलं.
आतली गुंडाळी उलगडली, दोन हात लांब,
शिंप्याच्या टेपासारखी.
तांब्यावर ग्रॅफाइट. काळं, काळं,
आणि मधेच नखाएवढं
सोनं.

लिथियम आत शिरलं की ग्रॅफाइट सोनेरी होतं,
बाहेर पडलं की पुन्हा काळं.
हे सोनं बाहेर पडायचं राहिलं.
वाट बुजली.
पहिल्याच चार्जला कणांवर जी साय धरते
तिच्यावाचून सेल चालत नाही
आणि तिच्यापायीच जातो.
दर फेरीला ती थोडं लिथियम ठेवून घेते,
तापल्यावर जास्त.
साय मी म्हणते. प्रबंधात तिला लांबलचक नाव आहे.

सरफराज गेटवर आला होता, हेल्मेट न काढता.
"मॅडम, माझ्याकडून काय चुकलं?"
म्हटलं, दुपारी अडीचला, तापलेली बॅटरी
तुम्ही तशीच फास्ट चार्जरला लावत होतात.
तो हसला नाही, चिडलाही नाही.
"तीनला ऑर्डरी सुरू होतात."
मोबाइल वाजला. गेला.

अहवालाच्या शेवटी मी लिहिलं होतं :
वापरणाऱ्याने सवय बदलावी.
ते खोडलं.
दोन दिवस त्या जागी काहीच लिहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी नवं द्रावण,
त्यात दोन टक्के बोरॉनवालं मीठ.
पंचेचाळीस अंशांच्या कपाटात चोवीस सेल,
नाण्याएवढे.
घोसाळकरांनी चिकटपट्टीवर नंबर घातले
लग्नपत्रिकेच्या अक्षरात.
आणि चार्जचं वेळापत्रक सरफराजचं :
घाईत, ताप उतरायच्या आत.
पुस्तकातलं नाही.

सहाशे फेऱ्यांपर्यंत रेघ आडवी गेली.
मी पेढे आणले नाहीत.
सहाशे चाळीसला नऊ नंबर घसरला, मग दोन नंबर.
बाकीचे चालू आहेत, कपाटाचा पंखा घरघरतोय,
घोसाळकर म्हणतात त्याला तेल हवंय.

ते नखाएवढं सोनं
एका कुपीत ठेवलंय, पेटीतच.
सरफराजला दाखवायचं मनात आहे,
पण बाहेर काढलं तर आपल्या या हवेत
ते टिकणार कितीसं?
एक चहा होईपर्यंत. कटिंग.