उदगीरात काढलेला नकाशा

जर्मनीतल्या आयशेनरोडा गावाची मोजणी
मी सध्या चौबाऱ्यामागच्या घरात बसून करतो आहे.
खात्याची एक टिपणवही, निम्मी कोरी,
निवृत्तीच्या दिवशी कुणी मागितली नाही, मीही दिली नाही.

साखळीचं दुसरं टोक धरायला नीलांबिका तिथे.
साडेअकराला फोन येतो, तिची रात्रपाळी नुकती संपलेली.
मी विचारतो, खाल्लंस का काही,
आणि लगेच विचारतो,
वेशीपासून पुलापर्यंत किती पावलं?

वेस आहे म्हणे गावाला. एकच उरलेली.
बाकीच्या दोन आगगाडी आली तेव्हा पाडल्या,
दगड लोकांनी जोत्यांना नेले. आपल्यासारखंच.
नदी नैर्ऋत्येकडून येते, गावाला कमरेत धरते
आणि उत्तरेला जाते.
उत्तरेला! मी कागद दोनदा फिरवून पाहिला.
मग आठवलं, आपली मांजरासुद्धा
पार तेलंगणात गेल्यावर उत्तरेला वळते.
सासरी गेल्यावर कोण कुठे वळेल.

माती तपकिरी, ओली, भेगा पडत नाहीत,
म्हणजे उन्हाळ्यात खुंट्या हलत नसणार.
छपरं पाटीच्या दगडाची,
पोरांनी वर चढून पाढे लिहावेत अशी.

इतिहास ती तुकड्यातुकड्यांनी सांगते,
जसा तिला केस विंचरताना कळतो.
केस इर्मगार्डबाईंचे. वय पंच्याण्णव.
वृद्धाश्रमाच्या खिडकीतून त्यांचं जन्मघर दिसतं.
मिठाच्या गाड्या गावावरून जायच्या, वेशीत जकात भरायच्या.
एकदा प्लेग. एकदा आग, भटारखान्यातून लागलेली.
मग लढाई, मग दुसरी,
मग मैलभरावरच्या ओढ्यातून
देशाची हद्दच गेली. तारा, मनोरे, कुत्री.
पलीकडच्या काठाला बाईंची बहीण राहायची,
वाळत घातलेल्या चादरींवरून ओळखू यायची.
चाळीस वर्षांनी तारा निघाल्या.
मी विचारलं, हद्दीखालची जमीन किती निघाली?
कुणाच्या नावावर चढली?
आप्पा, तिथे आता गवत आहे, ससे आहेत.
मी लिहिलं: गायरान.

बाई म्हणतात, मी गल्ली बदलली नाही, देश बदलत गेले.
हे मात्र मला समजावून सांगायला नको.
मी जन्मलो हैदराबाद राज्यात, जिल्हा बीदर.
पाचव्या वर्षी एका रात्री त्याच बाजेवर निजलो
आणि उठलो मुंबई राज्यात, जिल्हा उस्मानाबाद.
नोकरीत होतो तेव्हा लातूर झाला,
शिक्के नवे आले, शाई जुनीच.
सेतवार उर्दूत, सातबारा मराठीत, आई रागवायची कानडीत.
घराची उत्तरेकडची भिंत होती तिथेच आहे.
नीलानं हे त्यांना सांगितलं, मोडक्या जर्मनमध्ये.
बाई पुष्कळ वेळ हसल्या म्हणे,
मग विचारलं, त्यांच्याकडे ओढा कोणत्या बाजूला?

नकाशा होत आला आहे.
देऊळ म्हणजे चर्च, बाजारचौक, गिरणी, स्मशान,
पुलापलीकडे वृद्धाश्रम.
फक्त एक माप जुळत नाही.
वेस ते पूल, जाताना चारशे बारा पावलं.
तिचं पाऊल सव्वादोन फूट, मला पाठ आहे,
सुट्टीत माझ्याबरोबर मोजणीवर यायची,
ढेकळांतून, झेंडीची काठी धरून, माझ्या पुढे.
परत येताना, पूल ते वेस, चारशे एकेचाळीस.
तीच वाट. एकोणतीस पावलं जास्त.
म्हटलं, पुन्हा मोज.
दुसऱ्या दिवशी चारशे चव्वेचाळीस.

बर्फ असेल, ती म्हणाली.
चढ असेल, मी म्हणालो.
चढ नाही तिथे. पातळी मीच काढली आहे.

इतका फरक आला की आमच्या खात्यात मोजणी रद्द व्हायची.
मी दोन्ही आकडे ठेवले आहेत, शेजारी शेजारी.
त्यामुळे आयशेनरोडा माझ्या वहीत मिटत नाही,
पुलाच्या अलीकडे बोटभर फट राहते.
तिथे पेन्सिलीनं, खोडता येईल असा,
एक दगड दाखवला आहे.
हद्दीचा नव्हे. बसण्यापुरता.